एचडीआर व्हिडिओसाठी कॅमेरा घेताय? पैसे मोजण्याआधी या गोष्टी तपासून घ्या

दुपारी साडेबाराचा मुहूर्त. मांडवात सावली आणि मांडवाच्या कडेला रणरणतं ऊन. नवरीच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरला की मागचं अंगण पांढरंफेक पडतं. अंगण नीट दिसावं म्हणून उजेड कमी केला की नवरीचा चेहरा काळवंडतो. लग्नाची शूटिंग करणाऱ्या प्रत्येकाने हा ताप सोसलाय. पोळ्याच्या मिरवणुकीत, यात्रेच्या पालखीत, रात्रीच्या वरातीत डीजेच्या लाईटखाली हेच होतं.

यावर उपाय म्हणून हल्ली 'एचडीआर व्हिडिओ' हा शब्द कानावर येतो. मोबाईलच्या खोक्यावर, कॅमेऱ्याच्या जाहिरातीत, टीव्हीच्या कोपऱ्यात, सगळीकडे एचडीआर लिहिलेलं असतं. गावाकडची पोरं हप्त्यावर कॅमेरा घेतात, घरच्यांना सांगतात की यात एचडीआर आहे. पहिली ऑर्डर मारल्यावर कळतं की चित्र होतं तसंच आहे, किंवा पाहुण्यांच्या टीव्हीवर रंग उलट फिके पडलेत. तोवर हप्ते सुरू झालेले असतात.

म्हणून एचडीआर व्हिडिओसाठी कॅमेऱ्यात नेमकं काय लागतं, ते कसं तपासायचं आणि कोणाला त्याची गरजच नाही, हे सविस्तर जाणून घेऊया.

एचडीआर म्हणजे काय?

एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. एकाच चित्रात अगदी गडद सावली आणि अगदी लख्ख उजेड, दोन्हीकडचा तपशील टिकवून ठेवण्याची ताकद. जुन्या पद्धतीच्या व्हिडिओला एसडीआर म्हणतात. तो साधारण १०० निट उजेडाचा पडदा धरून बनवला जातो. निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप. एचडीआरमधली पीक्यू ही पद्धत कागदावर १०,००० निटपर्यंत जाते. आजचे चांगले एचडीआर टीव्ही आणि महागडे मोबाईल १,००० निट किंवा त्याहून जास्त उजेड दाखवू शकतात.

त्यामुळे एचडीआरमध्ये शालूची जर खरोखर चमकते, समईची ज्योत पांढरा ठिपका न राहता ज्योतीसारखी दिसते आणि ढगांमधले थर दिसतात. चित्र भडक करणं हा त्याचा उद्देश नाही.

फोटोचा एचडीआर वेगळा, व्हिडिओचा वेगळा

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. मोबाईलच्या फोटोत एचडीआर चालू केलं की फोन कमी-जास्त उजेडाच्या अनेक फोटोंचं मिश्रण करून एक फोटो तयार करतो. चित्र सुधारतं, पण व्हिडिओशी त्याचा संबंध नाही.

काही मोबाईल व्हिडिओतही असंच मिश्रण करतात आणि त्यालाही एचडीआर म्हणतात. आकाश थोडं बरं दिसतं, पण फाईल साधी एसडीआरचीच तयार होते. एचडीआर टीव्हीवर लावली तरी टीव्ही तिला एचडीआर म्हणून ओळखत नाही.

खऱ्या एचडीआर व्हिडिओची ओळख फाईलमध्ये असते. खोक्यावर काय छापलंय त्याला अर्थ नाही.

कॅमेऱ्यात काय काय लागतं?

१) सेन्सरचा पल्ला. कॅमेरा किती गडदपासून किती उजळपर्यंत एकाच वेळी पाहू शकतो, ते 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला म्हणजे उजेड दुप्पट. १० स्टॉप म्हणजे सावली आणि उन्हात १,०२४ पटींचा फरक, १३ स्टॉप म्हणजे ८,१९२ पटींचा. मांडवातली सावली आणि बाहेरचं ऊन एकत्र धरायचं असेल तर १२-१३ स्टॉपचा सेन्सर पाहिजे. कंपन्या हा आकडा फुगवूनही सांगतात, म्हणून स्वतः शूट करून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

२) १०-बिट रेकॉर्डिंग. ही अट सगळ्यात महत्त्वाची. ८-बिटमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. सगळे मिळून साधारण १ कोटी ६७ लाख रंग. १०-बिटमध्ये प्रत्येकी १,०२४ पायऱ्या, म्हणजे साधारण १०७ कोटी रंग.

हे कशाला हवं? जिना तोच ठेवून माडी दुप्पट उंच केली, तर पायऱ्या उंच-उंच होणार आणि चढताना ठेचा लागणार. एचडीआरमध्ये उजेडाची उंची वाढते, आणि २५६ पायऱ्या कमी पडतात. मग मावळतीच्या आकाशात किंवा भिंतीवरच्या उजेडात पट्टे पडलेले दिसतात. एकदा असे पट्टे रेकॉर्ड झाले की मिक्सिंगमध्ये ते नीट जात नाहीत.

३) एचएलजी, पीक्यू किंवा लॉग. उजेड फाईलमध्ये कसा लिहायचा याच्या या पद्धती आहेत.

- एचएलजी: ब्रिटनच्या बीबीसीने आणि जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने मिळून तयार केलेली पद्धत. वापरायला सोपी. थेट शूट करून दाखवायचं असेल तर हीच बरी.
- पीक्यू: एचडीआर१०, एचडीआर१०प्लस हे प्रकार या पद्धतीवर उभे आहेत. एचडीआर म्हणून उत्तम, पण साध्या टीव्हीवर तशीच लावली तर चित्र फिकं आणि मरगळलेलं दिसतं.
- लॉग: इथं कॅमेरा मुद्दाम फिकं चित्र देतो आणि सगळा तपशील राखून ठेवतो. रंग नंतर कॉम्प्युटरवर भरायचे. सोनीचा एस-लॉग, कॅननचा सी-लॉग, पॅनासोनिकचा व्ही-लॉग, फुजीचा एफ-लॉग अशी नावं आहेत. रंग भरायचं काम येत नसेल तर लॉगच्या नादी लागू नका.

एचएलजी आणि पीक्यू या दोन्ही पद्धती २०१६ मध्ये बीटी.२१०० या आंतरराष्ट्रीय मानकात एकत्र आल्या. त्यात रंगांचा पल्लाही मोठा आहे. त्या रंगपल्ल्याला बीटी.२०२० म्हणतात. जुन्या एचडी टीव्हीचा पल्ला बीटी.७०९.

४) ४:२:० की ४:२:२? कॅमेरा उजेडाची नोंद पूर्ण ठेवतो आणि जागा वाचवायला रंगाची नोंद कमी करतो. ४:२:२ मध्ये रंगाची नोंद ४:२:० च्या दुप्पट असते. रंगांवर जास्त काम करणार असाल तर ४:२:२ बरं. फक्त यूट्यूबवर टाकायचं असेल तर १०-बिट ४:२:० सुद्धा चालतं.

५) कार्ड आणि साठवण. १०-बिट फाईल जड असते. हिशोब सोपा आहे. १०० एमबीपीएसने रेकॉर्ड केलं तर सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी. ४०० एमबीपीएस असेल तर सेकंदाला ५० एमबी आणि तासाला १८० जीबी. कार्डावर व्ही३० लिहिलं असेल तर ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं, व्ही६० म्हणजे ६० एमबी. ४०० एमबीपीएससाठी व्ही३० कार्ड लावलं तर ऐन अक्षतांच्या वेळी रेकॉर्डिंग बंद पडू शकतं.

६) एनडी फिल्टर. लॉग आणि एचएलजीमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांचा आयएसओ ठराविक आकड्याच्या खाली जात नाही. समजा तो आकडा ८०० आहे आणि शटर १/५०. भर उन्हात हिशोबाने एफ/६४ लागेल, आणि आपल्या नेहमीच्या लेन्समध्ये तेवढं नसतंच. लेन्सवर एनडी६४ फिल्टर लावला की तेच शूटिंग एफ/८ वर होतं. कॅमेऱ्याच्या बजेटमध्ये याचे पैसे आधीच धरा.

कोणत्या कॅमेऱ्यात काय मिळतं?

गावोगावी दिसणारे कॅनन १५००डी, कॅनन २००डी मार्क टू, निकॉन डी५६०० हे ८-बिटचे कॅमेरे आहेत. फोटोला छान, पण त्यात एचडीआर व्हिडिओ होत नाही. सेटिंग कितीही शोधा.

दुसरा गट फसवा आहे. सोनी ए७ थ्री, ए६४०० आणि पहिला झेडव्ही-ई१० यांच्या मेनूत एचएलजी दिसतं, पण कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग ८-बिटच होतं. नाव एचडीआरचं, पायऱ्या २५६ च. सेकंडहँड बाजारात हे कॅमेरे भरपूर फिरतात. साध्या कामाला ते उत्तम आहेत, पण 'एचडीआर आहे' म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

तिसरा गट खऱ्या १०-बिटचा. पॅनासोनिक जीएच५ (२०१७), फुजीफिल्म एक्स-टी३ (२०१८), कॅनन आर६ आणि सोनी ए७एस थ्री (२०२०), सोनी ए७ फोर (२०२१), सोनी झेडव्ही-ई१० टू (२०२४) हे कॅमेरे आतल्या कार्डावरच १०-बिट रेकॉर्ड करतात. कॅनन आर५० सारख्या छोट्या कॅमेऱ्यातही एचडीआर पीक्यू मोडमध्ये १०-बिट मिळतं. जीएच५ आणि एक्स-टी३ मध्ये एचएलजी नंतरच्या अपडेटने आलं. जुना घेत असाल तर फर्मवेअर अपडेट आहे का ते बघा.

निकॉन झेड६ सारख्या काही कॅमेऱ्यांत १०-बिट चित्र फक्त एचडीएमआय वायरने बाहेर येतं. त्यासाठी वेगळा रेकॉर्डर घ्यावा लागतो. तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत दिसत नाही, म्हणून आधीच विचारा.

मोबाईलवर होतं का?

होतं, आणि गावाकडच्या यूट्यूबरसाठी हाच सगळ्यात स्वस्त रस्ता असू शकतो.

२०२० मध्ये आलेल्या आयफोन १२ पासून मुख्य मॉडेलांत १०-बिट डॉल्बी व्हिजन व्हिडिओ मिळतो. तो एचएलजीवरच आधारलेला आहे. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, आणि तिथं एचडीआर व्हिडिओचं बटण असतं. सॅमसंगने २०१९ च्या गॅलेक्सी एस१० मध्ये एचडीआर१०प्लस रेकॉर्डिंग दिलं. त्यांच्या वरच्या मॉडेलांत कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर१०प्लस असा पर्याय दिसतो. अँड्रॉइड १३ पासून कॅमेऱ्याच्या १०-बिट व्हिडिओला प्रणालीतच जागा मिळाली आणि एचएलजी हा त्याचा पाया ठरला.

पण फोनमध्ये अँड्रॉइड १३ आहे म्हणजे एचडीआर व्हिडिओ होतोच असं नाही. कॅमेऱ्याचं हार्डवेअर १०-बिटचं पाहिजे. कमी किमतीच्या बहुतेक फोनमध्ये ते नसतं. त्यातही काही फोनचा फक्त पडदा एचडीआर असतो. म्हणजे एचडीआर व्हिडिओ बघता येतो, काढता येत नाही.

दुकानातच करा ही तपासणी

नवा असो की सेकंडहँड, पैसे देण्याआधी एवढं करा.

१. आपलं कार्ड घेऊन जा. दुकानाच्या आत उभे राहून दाराकडे कॅमेरा धरा, असा की आतली माणसं आणि बाहेरचं ऊन दोन्ही चित्रात येतील. एचडीआर किंवा एचएलजी मोडमध्ये १० सेकंद शूट करा.
२. तीच फाईल मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर 'मीडियाइन्फो' या ॲपमध्ये उघडा.
३. 'बिट डेप्थ'समोर १० दिसलं पाहिजे. ८ असेल तर विषय संपला.
४. 'ट्रान्सफर कॅरॅक्टरिस्टिक्स'समोर एचएलजी किंवा पीक्यू, आणि 'कलर प्रायमरीज'समोर बीटी.२०२० दिसलं पाहिजे. लॉगमध्ये शूट केलं असेल तर या दोन ओळी वेगळ्या दिसतील, पण बिट डेप्थ १०च हवी.
५. कॅमेरा चालू ठेवून सलग अर्धा तास रेकॉर्ड करून बघा. छोटे कॅमेरे ४केमध्ये गरम होऊन बंद पडू शकतात. आपल्याकडे लग्नं उन्हाळ्यात असतात, हे विसरू नका. दुकानदार थांबायला तयार नसेल तर निदान परत घेण्याची बोली करून घ्या.
६. ती क्लिप घरच्या कॉम्प्युटरवर चालवून बघा. अडखळत असेल तर कॅमेऱ्यासोबत कॉम्प्युटरचाही खर्च येणार आहे.

शूटिंग करताना काय सांभाळायचं?

कॅमेरा चांगला असला तरी उजेड एकदा जळाला की तो परत येत नाही. सावलीतून थोडं वर खेचता येतं, पण जळलेल्या आकाशात काहीच उरत नाही.

एचएलजीमध्ये सोपी खूण लक्षात ठेवा. मुख्य उजेडात असलेली पांढरी वस्तू, म्हणजे एखाद्या आजोबांची पांढरी टोपी, साधारण ७५ टक्क्यांवर यायला हवी. कॅमेऱ्यातला झेब्रा ७५ वर लावा आणि टोपीवर रेघा दिसायला लागल्या की तिथं थांबा. त्यावरची जागा जरीची चमक, दिवे आणि उन्हासाठी मोकळी सोडा. टोपीच जर १०० वर नेली तर एचडीआरला चमकायला जागाच उरत नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं तर मांडवातले ट्यूब आणि बरेचसे एलईडी फडफडत नाहीत. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, कारण कार्यक्रमाच्या मध्येच रंग बदलतो.

दोन कॅमेऱ्यांवर शूटिंग असेल तर दोन्ही एकाच पद्धतीचे ठेवा. एक एचएलजी आणि दुसरा साधा असेल तर मिक्सिंग करणाऱ्याच्या डोक्याला ताप होतो आणि नवरीचा शालू दर शॉटला वेगळा दिसतो.

कॅमेरा झाला, पुढचं काय?

एचडीआर ही साखळी आहे. कॅमेरा, कॉम्प्युटर, मिक्सिंगचं सॉफ्टवेअर, फाईल आणि शेवटी बघणाऱ्याचा पडदा. यातली एक कडी साधी निघाली की चित्र साधंच होतं.

यूट्यूब २०१६ पासून एचडीआर व्हिडिओ घेतं. फाईल १०-बिट, एचएलजी किंवा पीक्यू आणि बीटी.२०२० रंगात असावी लागते. ज्यांच्या फोनला एचडीआर नाही, त्यांच्यासाठी यूट्यूब साधी आवृत्ती आपोआप बनवतं. अपलोडनंतर एचडीआर आवृत्ती तयार व्हायला वेळ लागतो. क्वालिटीच्या यादीत आकड्यापुढे एचडीआर दिसेपर्यंत व्हिडिओ खासगी ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं आहे. तिथं फाईल दाबून लहान होते आणि एचडीआर क्लिपचे रंग फिके पडू शकतात. पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकायला वेगळी एसडीआर कॉपी काढा. पेनड्राईव्ह देतानाही दोन फाईल द्या, एक एचडीआर आणि एक साधी, आणि फाईलच्या नावातच तसं लिहा. कोणाच्या घरी कोणता टीव्ही आहे हे आपल्याला माहीत नसतं.

टीव्हीवर एचडीआर लिहिलंय म्हणून पडदाही तसा असेलच असंही नाही. स्वस्त टीव्ही एचडीआर फाईल चालवतात, पण तेवढा उजेड दाखवायची त्यांची ताकद नसते.

मग घ्यावा की नाही?

लग्नाची पारंपरिक शूटिंग, एलईडी वॉलवर थेट प्रक्षेपण आणि पेनड्राईव्ह एवढंच काम असेल तर आत्ता एचडीआरसाठी कर्ज काढू नका. गावाकडच्या लग्नात वापरले जाणारे मिक्सर आणि वॉल सहसा साध्या एसडीआरवरच चालतात. तुमचा एचडीआर तिथं पोचतच नाही. त्याच पैशात चांगली लेन्स, दोन लाईट आणि एक बरा माईक आला तर गिऱ्हाइकाला फरक लगेच दिसेल.

प्री-वेडिंग, शेतीचं यूट्यूब चॅनल, निसर्ग, यात्रा, किल्ले असं काम करत असाल आणि तुमचे प्रेक्षक मोबाईलवर बघत असतील, तर १०-बिट कॅमेरा किंवा चांगला फोन नक्की उपयोगी पडेल. आणखी एक फायदा आहे. १०-बिटमध्ये शूट करून शेवटी साधा एसडीआर व्हिडिओ बनवला तरी उजेड आणि रंग सावरायला जास्त वाव मिळतो. म्हणून नवा कॅमेरा घ्यायचाच असेल तर एचडीआर या अक्षरांकडे बघू नका, १०-बिट विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*४के म्हणजेच एचडीआर का?*
नाही. ४के म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या. एचडीआर म्हणजे उजेड आणि रंगाचा पल्ला. साध्या फुल एचडीतही एचडीआर होतं आणि ४के असूनही एसडीआर असू शकतं.

*जुन्या लग्नाची क्लिप एचडीआर करून मिळेल का?*
सॉफ्टवेअर उजेड ताणून देतं. पण तेव्हा पांढरं पडलेलं आकाश परत येत नाही. कोणी त्यासाठी जास्त पैसे मागत असेल तर आधी एका मिनिटाचा नमुना बघा.

*रात्री अंधारात एचडीआर चालू केलं तर उजेड वाढेल का?*
नाही. एचडीआर उजेड तयार करत नाही, असलेला सांभाळतं. अंधारात लाईट लावावाच लागतो, नाहीतर चित्रात दाणे येतात.

*गिऱ्हाईक 'एचडीआर शूटिंग पाहिजे' म्हणतंय, काय सांगू?*
आधी त्यांना विचारा, बघणार कशावर? चांगल्या फोनवर किंवा टीव्हीवर असेल तर तसा दर सांगा. जुना टीव्ही आणि व्हॉट्सअ‍ॅप असेल तर साधी शूटिंग नीट करून द्या आणि तसं स्पष्ट सांगा. पुढच्या वर्षी धाकट्या भावाच्या लग्नाची ऑर्डर त्याच घरातून येते, आणि ती खरं सांगणाऱ्याकडेच येते.